साडेपाच तास

जब्बार मास्तरांना कोणी सहज म्हटलं की उद्या जरा नाशिकला जाऊन येतो, तरी ते "दोनशे दहा किलोमीटर" असं सांगून मोकळे व्हायचे. समोरच्यानं काही विचारलेलं नसायचं. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवल्यावर माणसाला काही सवयी लागतातच, पण मास्तरांची ही सवय निवृत्तीनंतर जास्तच बळावली. पुण्यात बुधवार पेठेच्या मागच्या त्या गल्लीत कुणाला पासपोर्टचा अर्ज भरायचा असो की हजला जाणाऱ्या म्हातारीला जिद्दाला किती वाजले असतील ते सांगायचं असो, मास्तरांनाच हाक जायची. ते नखरे न करता यायचे आणि आपलं बरोबर असल्याचं दोनदा बजावून जायचे.

स्वतः मास्तर अजमेरच्या पलीकडे कधी गेले नव्हते, विमानात बसणं तर दूरच. रेखांश शिकवायला विमानात बसावं लागत नाही, असं ते म्हणत, आणि त्यात तसं चुकीचं काही नव्हतं.

शहाण्णव सालच्या जानेवारीत, एका बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास, त्यांची थोरली बहीण सकीना वारली. दम्याचं जुनं दुखणं होतं, पण इतक्या झटकन जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. घरात तिची मुलगी नसीम होती. बँकेत नोकरी करणारी, लग्न न केलेली, गेली सहा वर्षं आईचं सगळं एकटीनं बघणारी. मुलगा चांद लंडनला. घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे, म्हणून नसीमनं कोपऱ्यावरच्या बूथवरून त्याला फोन लावला, तेव्हा तिकडे सकाळ होती आणि तो कामावर निघाला होता. "मी येतोय, मला अम्मीचा चेहरा बघायचाय, थांबायला सांग," एवढंच तो म्हणाला.

मैयत घरात ठेवून घ्यायची रीत नाही. शक्य तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी माती द्यायची. त्या घरातला शेवटचा शब्द दादामियाँचा होता. ते सकीनाचे थोरले दीर, ऐंशीच्या घरातले, कानानं थोडे कमी पण हुकमात काही कमी नाही. त्यांनी विचार करून सांगितलं, "सोलापूरची नात्यातली माणसं रात्रीतून येतील. तेव्हा उद्यावर जायला हरकत नाही. पोरगा उद्या असरपर्यंत, म्हणजे संध्याकाळी पाचच्या आत, येत असेल तर थांबू. सूर्य मावळायच्या आत माती झाली पाहिजे. दुसरी रात्र मी तिला घरात ठेवणार नाही."

हे सगळ्यांना पटलं. आता प्रश्न एवढाच होता की चांद किती वाजता पोचतो.

साडेसहाला घरातला फोन वाजला. मास्तर तेव्हा बाहेर गल्लीत खुर्च्या मांडून घेत होते. ते आत आले तेव्हा नसीम रिसीव्हर ठेवत होती. विजेच्या बिलाच्या पाठीमागं तिनं काहीतरी लिहून घेतलं होतं.

"तिकीट मिळालं, मामू. आज रात्री सव्वानऊला विमान निघतं, उद्या सकाळी पावणेबाराला मुंबईत. तिथून टॅक्सीनं येतो म्हणाला. पाचच्या आत येईल."

मास्तरांनी ते बिल हातात घेतलं, चष्मा लावला आणि आपण इथेच थांबलो असतो तर किती बरं झालं असतं, हे पुढं त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं.

"ही पावणेबाराची वेळ कुठल्या घड्याळातली?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे लंडनच्या की आपल्या?"

नसीमला ते सांगता येईना. "मी दोनदा विचारून घेतलं, मामू. तो पावणेबाराच म्हणाला."

"वेळ तू बरोबरच लिहिली असशील. पण तो उभा आहे लंडनमध्ये. तो त्याच्या मनगटावर बघून बोलणार. घड्याळ सगळीकडे एकच असतं असं समजणाऱ्यांना मी चौतीस वर्षं नापास करत आलोय."

नसीम दुपारपासून रडून थकली होती. मास्तरांनी बिलाच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं मांडलं. साडेब्याऐंशी रेखांश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे तीनशे तीस मिनिटं, साडेपाच तास. आपण पूर्वेला, म्हणून मिळवायचे. पावणेबारा अधिक साडेपाच, संध्याकाळचे सव्वापाच. विमानतळाबाहेर पडायला तास, घाट चढून पुण्याला यायला चार तास. रात्रीचे दहा.

मास्तर तसे बेफिकीर नव्हते. त्यांनी ताळाही करून पाहिला. लंडन ते मुंबई सात हजार दोनशे किलोमीटर, हे त्यांना तोंडपाठ होतं. विमानाचा वेग ताशी पाचशे, हेही पाठ होतं. त्यांनी शिकवायला सुरुवात केली तेव्हाच्या पुस्तकात तसं छापलेलं होतं आणि त्यानंतर विमानांनी काय केलं याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. भागाकार चौदा तास चोवीस मिनिटं आला. सव्वानऊ ते पावणेबारा म्हणजे साडेचौदा तास. हिशेब इतका चोख जुळल्यावर शंका कशाची घ्यायची?

विमानाचं तिकीट हे उतरायच्या गावचीच वेळ दाखवतं, ही साधी गोष्ट. ज्याला रेखांश म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, त्यानं तो कागद जसाच्या तसा वाचला असता आणि बरोबर वाचला असता. मास्तर जास्त शिकलेले निघाले.

"विमान कंपनीला फोन करून विचारू का?" नसीम म्हणाली.

"कशाला? मी सांगतोय ना."

मास्तर बाहेर गेले आणि दादामियाँच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "नसीमला फोन आला होता. चांद उद्या संध्याकाळी सव्वापाचला मुंबईत उतरतोय. इथं यायला रात्रीचे दहा."

दादामियाँनी डोळे मिटले. "मग नाही जमायचं," ते म्हणाले. "उद्या दुपारी जोहरच्या नमाजनंतर उचलू."

नसीमनं ते दारातून ऐकलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी साडेबारापर्यंत सगळं आवरत आलं होतं. बायकांनी सकीनाला अंघोळ घातली होती, कफन झालं होतं, कापराचा वास गल्लीपर्यंत येत होता. दीडच्या जोहरच्या नमाजाबरोबर जनाजा निघायचा होता. मास्तर बाहेर खुर्चीवर बसले होते. शेजारी माधवराव येऊन बसले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तीस वर्षांचा शेजार, आणि सकीनाच्या हातच्या शिरखुर्म्यासाठी दर ईदला पहिले हजर.

"चांद कितीला येतोय?" माधवरावांनी विचारलं.

"रात्री दहा होतील."

"एवढा उशीर? कुठून फिरून येतोय?"

"सरळच येतोय. काल रात्री सव्वानऊला निघाला."

माधवराव जरा घुटमळले. "मग अहो, तो एव्हाना मुंबईत उतरला असेल. आमची नीरजा लंडनलाच असते ना. दिवाळीत आली होती. नऊ तास लागतात. रात्री तिकडून निघते आणि दुपारी मुंबईत जेवते."

नऊ तास. मास्तरांच्या डोक्यात ते आकडे आपणहून हलले. सव्वानऊला निघाला, नऊ तास, म्हणजे लंडनचे सकाळचे सव्वासहा. त्यात साडेपाच मिळवले की पावणेबारा. आपले पावणेबारा. ते साडेपाच तास तिकिटात आधीच होते आणि यांनी ते दुसऱ्यांदा मिळवले होते.

चौथीतल्या पोरानं हातचा दोनदा धरावा तशी ही चूक होती.

"मध्ये कुठं थांबत असेल विमान," मास्तर म्हणाले. आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटला त्यांना.

"असेल बुवा. तुम्ही मास्तर, तुम्हाला जास्त माहीत," माधवराव म्हणाले, आणि आलेल्या कुणाला तरी जागा द्यायला उठले.

मास्तरही उठले. दादामियाँ समोरच, वीस पावलांवर, मशिदीतून आलेल्या मंडळींशी बोलत उभे होते. वीस पावलं चालून एक वाक्य बोलायचं होतं. माझं चुकलं, पोरगा पाचच्या आत येतोय, असरपर्यंत थांबा. दादामियाँ थांबले असते. तसा शब्दच त्यांनी दिला होता. मास्तर दहा-बारा पावलं गेलेही. आणि मग त्यांना ते सगळे चेहरे दिसले. त्यांचे जुने विद्यार्थी होते त्यात, आता दाढ्या पिकलेले. सोलापूरचे पाहुणे होते. मौलवीसाहेब होते. या सगळ्यांसमोर आपल्याला रेखांशाचं साधं गणित आलं नाही असं म्हणायचं?

दादामियाँनी वळून पाहिलं. "काय जब्बार, काही राहिलं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "काही नाही."

घराच्या खिडकीत नसीम उभी होती. ती आपल्याकडे बघत होती की माणसांकडे, हे त्यांना कळलं नाही आणि त्यांनी कळून घेतलंही नाही.

मग ते स्वतःला समजावत राहिले. विमान थांबतही असेल. उशीरही होत असेल. माधवराव टीव्ही दुरुस्त करणारा माणूस, त्याला काय माहीत. दीडच्या जरा आधी बायकांनी शेवटचं तोंड बघून घेतलं. मास्तरांनीही बघितलं. आपा शांत दिसत होती. लहानपणी हिनंच त्यांना बोटाला धरून शाळेत नेलं होतं. कफनाची गाठ बांधली तेव्हा अजूनही बोलता येईल असं त्यांना वाटलं. जनाजा खांद्यावर घेतला तेव्हाही वाटलं. मशिदीपासून कब्रस्तानापर्यंतच्या वाटेवर तर दर चौकात वाटलं, आणि दर चौकात ते पुढच्या चौकापर्यंत थांबले.

बाईला कबरीत उतरवायचं ते तिच्या रक्ताच्या पुरुषानं. मुलगा असता तर तो उतरला असता. मुलगा नव्हता म्हणून भावाला पुढं केलं गेलं. बासष्टाव्या वर्षी जब्बार मास्तर हाताला धरून खाली उतरले, आपाला त्यांनी हातांवर घेतलं, आणि कफनाच्या गाठी सोडताना त्यांच्या मनात आलं, आत्ता चांद पनवेलच्या आसपास असेल. एकशे वीस किलोमीटर. त्यांना तो आकडा नको होता, पण आकडे त्यांना सोडत नव्हते. वर आल्यावर लोकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बहिणीवर फार जीव होता, असं कुणीतरी म्हणालं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचला दहा मिनिटं असताना गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली.

चांद बॅग टॅक्सीतच विसरून आत आला. माणसं सतरंजीवर बसली होती, माधवरावांच्या घरून आलेला चहा फिरत होता. चांदनं भिंतीकडच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. मग दादामियाँकडे.

"बडे अब्बा, अम्मी?"

दादामियाँनी मान वर केली. "तू तर रात्री येणार होतास," ते म्हणाले. "दीडला नेलं तिला, बेटा."

चांद उभ्याचा खाली बसला. तो रडला नाही. बसून राहिला आणि हातातल्या तिकिटाची घडी घालत, उलगडत राहिला.

दादामियाँना अपराधी वाटत होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला तसं वाटलं की ते रागावर जातं. ते आतल्या दाराकडे वळले. तिथं नसीम उभी होती. "पोरी, बँकेत नोकरी करतेस ना? फोनवर साधी वेळ ऐकून घेता येत नाही? पोराला आईचं तोंड दिसलं नाही तुझ्यामुळं."

नसीमनं मास्तरांकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं आणि वाट बघितली. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. सतरंजीचा एक धागा उसवला होता, तो ते बोटानं आत ढकलत होते.

"चुकलं, बडे अब्बा," नसीम म्हणाली आणि आत गेली.

आपण किती खालच्या थराचा माणूस आहोत हे मास्तरांना त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. तरीही तोंड उघडलं नाही.

चांद उठला. "मामू, तुम्ही चला माझ्याबरोबर कब्रस्तानात. बाकी कोणी नको."

दोघं चालत निघाले. वाटेत मास्तर एकदा म्हणाले, "घाटात गर्दी होती का?" त्यावर तो "नव्हती" म्हणाला. कबरीवरची माती अजून ओली होती, वर फुलांची चादर होती. चांदनं बूट काढले, फातिहा पढला, ओंजळभर माती घेऊन वर टाकली, तीनदा. मग तो तिथंच उकिडवा बसला.

"नसीमनं फोनवर मला वेळ परत वाचून दाखवली होती," तो म्हणाला. "रात्री सव्वानऊ, सकाळी पावणेबारा. दोनदा. तिनं बरोबर ऐकलं होतं."

"मी त्यात साडेपाच तास मिळवले," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे. दुसरं कोण मिळवणार? गल्लीपासून इथपर्यंत वाट बघत होतो तुम्ही सांगाल म्हणून." चांदनं हाताची माती झटकली. "मला सांगून काय उपयोग. घरी चला, तिथं सांगा."

ते परतले तेव्हा दिवे लागले होते. माधवराव घरी गेले होते, बाकी मंडळी बसलेलीच होती. मास्तर दारातच उभे राहिले. बसून सांगायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी सांगितलं. नसीमनं बरोबर लिहून घेतलं होतं, तिनं पावणेबाराच सांगितलं होतं, तिला गप्प बसवलं ते मीच, आणि दादामियाँना चुकीची वेळ सांगितली तीही मीच. साडेपाच तास दोनदा धरले. ते दादामियाँना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि त्यामुळं ते शेजारच्या घरांतही गेलं असणार.

दादामियाँ हनुवटी काठीवर टेकवून ऐकत होते. मग त्यांनी नसीमला हाक मारली, ती आल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, मला माफ कर." मग मास्तरांकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "जब्बार, हिशेब कुणाचाही चुकतो. तू जाणूनबुजून थोडंच केलंस? तुझीही बहीण होती ती. अल्लाची मर्जी म्हणायची. बस. चहा घे."

सोलापूरचा एक पाहुणा म्हणाला की हो, घाईगडबडीत अशा चुका होतात. कुणीतरी सरकून मास्तरांना जागा केली. चांदनंही मान हलवली. दुपारपासून छातीवर ठेवलेलं ओझं उतरल्यासारखं मास्तरांना वाटलं. झालं, एवढंच होतं तर. आपण उगाच घाबरलो. ते बसले आणि दादामियाँनी पुढं केलेला कप त्यांनी हातात घेतला.

"मामू," नसीम म्हणाली. ती अजून दादामियाँपाशीच उभी होती. "जोहरच्या आधी माधवकाका तुमच्याशी बोलत होते. मग तुम्ही उठून बडे अब्बांकडे निघालात आणि मध्येच थांबलात. ते काय सांगत होते?"

मास्तर काहीही सांगू शकले असते. माधवराव तिथं नव्हते. त्यांनी चांदकडे पाहिलं. तो आता मान वर करून बघत होता.

"लंडनहून मुंबईला नऊ तास लागतात, असं सांगत होते," मास्तर म्हणाले.

"किती वाजले होते तेव्हा?"

"साडेबारा."

जनाजा दीडला उचलला होता. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दादामियाँनी काठी घेतली, नसीमच्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि मास्तरांकडे न बघता आत निघून गेले.